उमाठे मॅडमच्या पाली

"पाल नका म्हणू सर. पाल भिंतीवर असते, तिले बोलावणं धाडावं लागत नाही. ह्यांना मी पुण्याहून मांडीवर बसवून आणलं."

उमाठे मॅडम हे आमच्या प्राचार्यांना सुनावत होत्या आणि प्राचार्य थर्मासच्या तोंडाशी नाक नेऊन आत बघत होते. थर्मास चहाचा. आत गार पाणी आणि त्यात साबुदाण्याच्या खिरीसारखा एक गिळगिळीत गोळा, दाण्यादाण्यात एकेक टिंब. "एवढ्यासाठी तुम्ही रजा घेतली?" प्राचार्यांनी विचारलं. "एवढ्यासाठीच," म्हणत मॅडमनी झाकण लावलं आणि थर्मास काखेत मारून चालत्या झाल्या. प्राचार्य माझ्याकडे बघत राहिले. मी काय सांगणार, कपाळ!

साठच्या दशकातली गोष्ट आहे. नागपुरातलं मुलींचं कॉलेज. मी वनस्पतिशास्त्र शिकवायची, कुमुद उमाठे प्राणिशास्त्र. आमच्या दोन प्रयोगशाळांमध्ये एक दार होतं, ते लाकूड फुगल्यामुळे कधी लागायचंच नाही. त्यामुळे त्यांचं जे काही मला माहीत आहे ते त्या दाराच्या कृपेनं. उंच, सावळ्या, तरतरीत, आणि पक्क्या डावखुऱ्या. लहानपणी आईनं डाव्या हातावर किती फटके दिले असतील त्याचा हिशोब नाही, पण हात काही वळला नाही. आई शेवटी थकली आणि तिनं ते काम धाकट्या मंदाकडे दिलं. ताई डाव्या हातानं प्रसाद घ्यायला लागली की मंदा हळूच म्हणायची, "उजव्या हातात, ताई." वडील लवकर गेले, घर मॅडमच्या पगारावर, आणि ही मंदा त्यांचा जीव की प्राण.

थर्मासमधल्या अंड्यांतून निघाले ते अक्सोलॉटल. मेक्सिकोतल्या तळ्यातलं जनावर, दिसायला पालीसारखं, पण आपल्या बेडकाचं लांबचं भाऊबंद. वाढतं, अंडी घालतं, पण जन्मभर पाण्यातलं लेकरूच राहतं. मानेशी लाल पिसांसारखे कल्ले आणि तोंडावर कायमचं हसू. त्याला लागतं गार पाणी. म्हणजे कुठे, तर नागपुरात! मे महिन्यात जिथे नळातून चहाचं आधण येतं तिथे! सगळ्यांनी वेड्यात काढलं. मॅडमनी कुंभाराकडून मोठे रांजण आणवले, प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाळूत अर्धे पुरले, वरून ओलं पोतं गुंडाळलं, खिडकीला वाळ्याची ताटी लावली. दुपारी बर्फाची लादी यायची, ती फडक्यात बांधून पाण्यात सोडायच्या. तरी दर उन्हाळ्यात दोन-चार जायचेच. त्या दिवशी मॅडम डबा उघडायच्या नाहीत, आणि मी विचारलं की म्हणायच्या, "भूक नाही वं सुलभा. काहून मागे लागून राहिली?"

ह्या जनावरांवर त्या रंगाचा पाठ घ्यायच्या, आणि तो पाठ मी दारातून इतक्यांदा ऐकला की आजही परीक्षेला बसवाल तर पास होईन. पिल्लं अंड्यातून निघतात तेव्हा बहुतेक सारखीच मळकट. मग काहींच्या अंगावरचा काळेपणा मागे हटत जातो आणि ती पांढरी पडतात, पण डोळे काळेच राहतात. काही आधीपासून पांढरी दिसतात, डोळे मात्र लालसर, आणि मोठी होता होता पिवळी, सोनेरी होतात. काळ्यांमध्येही दोन जाती. एकाच्या डोळ्यातल्या बाहुलीभोवती चकचकीत कडी असते, दुसऱ्याच्या नसते. शिवाय तेच जनावर काळ्या रांजणात ठेवलं तर गडद होतं, पांढऱ्या टबात ठेवलं तर उजळतं. आणि पांढऱ्याफेक जनावराच्या डोक्यावर वय झालं की तीळ उगवल्यासारखे काळे ठिपके येतात.

"म्हणून रंग सगळ्यात शेवटी विचारायचा," त्या मुलींना म्हणायच्या. "आधी डोळे पायजा. मग वागणं पायजा."

एकदा एका पोरीनं फार हुशारीनं सांगितलं, "मॅडम, हा पांढऱ्या जातीचा."

"आज पांढरा आहे. दोन महिन्यांच्या लेकराची जात सांगून राहिली तू? दिवाळीनंतर ये." दिवाळीनंतर तो लोण्यासारखा पिवळा झाला होता. मॅडमनी त्या पोरीला मुद्दाम बोलावून दाखवला आणि वर लिमलेटची गोळी दिली.

तोंडी परीक्षेत मात्र त्या वाघीण. त्यांचा एक ठरलेला कानमंत्र होता: "दिसते ते सांग. वाटते ते सांगू नको. अन् विचारलं तेवढंच सांग. जो न विचारलेलं जास्तीचं सांगते, तो काहीतरी लपवून राहिला असते." मुली ह्या वाक्याला चळाचळा कापायच्या. मी हसायची. पुढे पुढे मलाच त्याची धास्ती वाटायला लागली.

डाग पहिल्यांदा मी पाहिला तो दिव्याखाली. मॅडम पांढऱ्या थाळीत एक पिल्लू धरून मला कडी दाखवत होत्या, आणि मी कडीच्या ऐवजी त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांची पेरं बघत बसले. दोन पेरांवर कातडी दुधासारखी पांढरी. त्यांच्या लक्षात आलं.

"दिसलं न? बरं झालं. आता तोंड मिटून बस," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, अगदी हळू: "मंदाचं होईस्तोवर."

कोड. शब्द उच्चारायचा नाही असा शब्द. लोक काय काय म्हणतात ते आजही कमी नाही, तेव्हा तर विचारूच नका. घरात एकाला निघालं की अख्ख्या घराच्या मुली बसल्याच म्हणून समजा. मंदासाठी कळमेश्वरच्या भोयरांचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, पोरीला आवडलेला, घरचं शेत, बैठक झालेली. मॅडमच्या आईनं धसका घेतला. तिचं ठाम मत की हे सगळं त्या पांढऱ्या पालींनी केलं. शेजारीण म्हणायची, माशावर दूध प्यायल्या असतील. कुणी बावचीचं तेल आणून दिलं, ते लावून मॅडमच्या हाताला फोड आले. त्या रबरी हातमोजे घालायला लागल्या आणि मुलींना सांगितलं, औषधानं कातडी जळते. म्हणजे खोटं असं नाही, पण खरंही नाही. मला माहीत आहे, ते वाक्य त्यांच्या तोंडून कसं निघायचं ते.

आणि एका दुपारी भोयरबाई प्रयोगशाळेत येऊन उभ्या राहिल्या. मुलाची आई. सोबत जाऊबाई. आमच्याकडे सोयरीक जमवायची तर उघड बैठक एक आणि आतली चौकशी वेगळी. बायकांनी मुलीच्या घरच्यांना असं न सांगता गाठायचं, हा रिवाजच होता. ठसठशीत कुंकू, हातभर बांगड्या, नजर सुईसारखी.

"नागपुरात आलोच होतो, तं म्हटलं मंदाच्या बहिणीले पाहून जाऊ," असं म्हणत त्यांनी टबात डोकावलं. "अगं माय! पांढरी पाल!"

मॅडम जनावरांबद्दल सांगायला लागल्या. त्या सांगायला लागल्या की समोरचा गुंगायचाच. भोयरबाईही गुंगल्या, हसल्या, एकाला डाव्या हातानं अलगद उचलताना बघून "डावऱ्या का वं तुम्ही?" असं प्रेमानं विचारलंसुद्धा. मी दारात उभी राहून देवाला हात जोडत होते. आणि मग त्यांनी विचारलं,

"हातमोजे काहून घातले बाई?"

मी मान हलवून नाही नाही म्हणत होते. औषध म्हणा, फॉर्मॅलिन म्हणा, काहीही म्हणा! मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग मोजे काढले. आधी डावा, मग उजवा. तोवर पांढरं मनगटापर्यंत आलं होतं.

"कोड आहे," त्या म्हणाल्या.

"मंदीले?"

"नाही."

"हे लागते का?"

"नाही."

विचारलं तेवढंच. भोयरबाई पदर सावरून उठल्या. समोर ठेवलेलं पाणी मात्र तसंच राहिलं. त्या गेल्या आणि मी मॅडमवर तुटून पडले. "कोणी सांगितलं होतं हरिश्चंद्र व्हायला? पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे!"

"लग्नानंतर कळलं असतं तर तिले जाळून खाल्लं असतं त्यांनी," त्या म्हणाल्या. "आता जे काय होईन ते तिच्या माहेरात होईन."

सोयरीक मोडली नाही. मुलगा अडून बसला. पण मध्यस्थाकडून अट आली: थोरल्या बहिणीनं मंडपात यायचं नाही, कळमेश्वरात पाय ठेवायचा नाही, पुढे लेकरंबाळं झाली तरी नातं सांगायचं नाही. आईनं कपाळ बडवून घेतलं. "तोंड शिवून घेता नाही आलं तुले?" मॅडमनी निरोप पाठवला, कबूल आहे.

लग्नाच्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती. मॅडम प्रयोगशाळेत रांजणांचं पाणी बदलत होत्या आणि मी उगाच, बादल्या उचलायला म्हणून गेले होते. बर्फाचं फडकं पाण्यात सोडताना त्या म्हणाल्या, "आता अंतरपाट धरला असन." आणि मग बादलीच्या कडेवर बसून ढसाढसा रडल्या. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेव्हाच.

मंदा सुरुवातीला चोरून येऊन जायची. मग तिला मुलगी झाली आणि येणं थांबलं. आई वारली. मॅडमनी नंदनवन वस्तीत दोन खोल्या घेतल्या आणि अंगणात आणखी दोन रांजण पुरले. अंगावरचं पांढरं वाढत गेलं. गळा, ओठ, मग चेहऱ्यावर नकाशासारखे तुकडे. बसमध्ये शेजारची बाई उठून उभी राहायची. एका पालकानं तर प्राचार्यांकडे तक्रार केली की ह्यांनी आमच्या मुलीच्या वहीला हात लावू नये. मॅडमनी त्या मुलीची वही तपासली, चुका दाखवल्या, आणि ती चिमट्यानं धरून परत केली. मुलगी रडली. मॅडमना त्याचं वाईट वाटलं, पण म्हणाल्या, "तिच्या बापाले पोचू दे."

आणि वर्षांमागून वर्षं गेली तसं एक विचित्रच झालं. सावळे तुकडे आक्रसत आक्रसत नाहीसे झाले. केस पिकले, अंग आपादमस्तक एका रंगाचं झालं, आणि नव्या मुलींना वाटायला लागलं की मॅडम मुळातच गोऱ्या आहेत! सीताबर्डीच्या बाजारात दुकानदार त्यांच्याशी इंग्रजीत बोलायचा. "इकडे बसा मॅडम" म्हणून बसमध्ये बायका सरकायच्या. अर्ध्या पांढऱ्या होत्या तेव्हा शेजारून उठायच्या त्याच ह्या बायका.

"हसावं का रडावं सांग," त्या मला म्हणायच्या. "मी तीच हाय न वं?" कोपरापाशी चार-दोन तपकिरी ठिपके राहिले होते, ते दाखवून म्हणायच्या, "हे पाह्य, म्हाताऱ्या अक्सोलॉटलसारखे."

तर अशा ह्या मॅडमच्या वर्गात एके वर्षी एक मुलगी आली. वर्षा भोयर. गाव कळमेश्वर. हजेरी घेताना नाव वाचलं आणि मॅडम क्षणभर थांबल्या. मला दारातून ऐकू आलं ते थांबणं. नाक मंदाचं, चालणं मंदाचं. पोरगी पालींवर लट्टू झाली. सुट्टीतसुद्धा गांडुळं खणून आणायची, पिल्लांचे डोळे तासन् तास बघायची. मॅडम तिला बाकीच्यांपेक्षा जास्त रागवायच्या. वर्षाला वाटायचं, आपण मॅडमना आवडत नाही.

शेवटच्या वर्षाला एकदा रांजण धुताना ती सहज म्हणाली, "मॅडम, माझ्या आईचं माहेरचं आडनाव पण उमाठेच आहे. नागपूरचेच. तुमचे कोणी लागतात का?"

दाराच्या अलीकडे माझ्या हातातली कुंडी तशीच राहिली. त्या पोरीचं लग्न ठरलं होतं. वर्धेचं स्थळ, परीक्षा झाली की लगेच.

"उमाठे पुष्कळ आहेत नागपुरात," मॅडम म्हणाल्या. "पाणी सांडून राहिली तू. नीट धर."

ती गेल्यावर मी आत आले. मला राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. "मंदाच्या वेळी खरं सांगितलंत," मी म्हटलं. "आता?"

"तेव्हा मंदीले माहीत होतं मी काय सांगून राहिली ते. ह्या पोरीले कुठे माहीत आहे?" त्या फडकं पिळत होत्या, पिळून झालं तरी पिळतच होत्या. "तिच्या सासरच्यांनी माले विचारलं तर सांगीन मी. देवाशपथ सांगीन, सुलभा. म्हणूनच भेव वाटते."

लग्नाची पत्रिका वर्षानं सगळ्या मॅडमना दिली. मला वाटलं ह्या जाणार नाहीत, शब्द दिलेला आहे. तर लग्नाच्या सकाळी मोरपंखी रेशमी साडी नेसून माझ्या दारात उभ्या! "मंडपात येऊ नको म्हणाले ते उमाठ्याच्या सावळ्या पोरीले," म्हणाल्या. "ह्या गोऱ्या म्हातारीले कोण अडवते?" हसल्या, पण हात गार होते. बसमध्ये मी तो हात धरून बसले.

कळमेश्वरचा मंडप गच्च भरला होता. आम्हाला कॉलेजच्या मॅडम म्हणून पुढच्या खुर्च्या मिळाल्या. भोयरबाई आता आजीबाई झालेल्या, पाठीत वाकलेल्या, पण नजर तीच. आम्हाला स्वतः हळदीकुंकू लावलं. उमाठे मॅडमच्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "किती गोऱ्यापान बाई! दृष्ट लागन." मॅडम खाली बघत होत्या.

मग मंगलाष्टकांची वेळ झाली. आमच्याकडे नवरीच्या मागे दिवा घेऊन कुणीतरी उभं राहतं, शक्यतो मावशी. वर्षाची एक चुलतबहीण उभी राहणार होती, ती ऐनवेळी सापडेना. गडबड उडाली. गर्दीतून मंदा आली. स्थूल झालेली, केस पिकलेले, हातात पेटता दिवा. दोन्हीकडच्या दहा बायका ओलांडून ती सरळ आमच्यासमोर आली.

"मॅडम," ती म्हणाली, "जरा हा दिवा धरता का?"

मॅडम उठल्या आणि सवयीनं डावा हात पुढे केला. मंदा दिवा देता देता जवळ वाकली. मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं.

"उजव्या हातात, ताई."

पण दिवा डाव्याच हातात गेला होता, आणि त्या तशाच नवरीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. समोरून नवऱ्याच्या आत्यानं भोयरबाईंना विचारलं, "दिवा तं मावशी धरते न? ह्या कोण?"

भोयरबाईंनी वळून पाहिलं. आधी चेहरा, मग दिव्याचा तो डावा हात. त्या हातावर त्यांची नजर थांबली. मॅडमही त्यांच्याकडेच बघत होत्या. आता भोयरबाईंनी तोंड उघडून मॅडमना एक प्रश्न विचारला असता तर उत्तर काय आलं असतं ते मला माहीत होतं, आणि त्या म्हातारीलाही माहीत होतं. ह्या वेळी मुलीकडची ती होती.

"वर्षीले मावशी नाही. ह्या तिच्या कॉलेजच्या मॅडम," भोयरबाई म्हणाल्या. आणि जरा थांबून, कुणी काही विचारलं नव्हतं तरी, "जन्मापासून गोऱ्या आहेत त्या."

मॅडमनी दिव्यावरून माझ्याकडे पाहिलं. तोंडी परीक्षेत पाहायच्या तसं. मग दिवा उजव्या हातात घेतला.

अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, लोक जेवायला पळाले. वर्षा वाकून सगळ्यांच्या पाया पडत गेली, मॅडमच्याही पडली, "येते मॅडम" म्हणाली. मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मंदाला सासूनं आत बोलावून घेतलं.

पुढच्याच उन्हाळ्यात उमाठे मॅडम गेल्या, रांजणातल्या जनावरांसारख्याच, मे महिन्यात. मला मात्र त्या आठवतात कळमेश्वरच्या मंडपात. तो दिवा नेऊन घरच्या देवापाशी ठेवायचा असतो. ते कुणीतरी घरातलं दाखवतं, चल इकडे म्हणून. त्यांना दाखवायला कुणी आलं नाही. मी हाक मारली, "मॅडम, चला, पंगत बसली."

"थांब न वं," त्या म्हणाल्या. "विझला तं पोरीले बरं नाही."

रिकाम्या खुर्च्यांमध्ये त्या उभ्या होत्या, दिवा उजव्या हातात, आणि पंख्याचा वारा लागू नये म्हणून ज्योतीला डाव्या हाताचा आडोसा.